आमची वाटचाल : पडद्यांच्या शिलाईपासून अख्ख्या बेडरूमपर्यंत

आमचा व्यवसाय सुरू झाला तो पडदे शिवण्यापासून. जाऊबाईंचा हात मशीनवर बसलेला आणि मला मापं घ्यायची, कापड निवडायची, माणसांशी बोलायची आवड. गिऱ्हाइकानं कापड आणायचं, आम्ही शिलाई घ्यायची, एवढाच हिशेब. भिंतीला कुठला रंग आहे, बल्ब कुठला आहे, याच्याशी आमचं काही देणंघेणं नव्हतं.

पण एक तक्रार पुन्हा पुन्हा यायची. दुकानात कापड छान बदामी होतं, घरी लावलं तर गुलाबी दिसतंय. किंवा, राखाडी घेतलं होतं, हे निळं कसं झालं? कापड तेच असायचं आणि शिवणीत खोट नसायची. गंमत म्हणजे लाल, मोरपंखी, गर्द हिरव्या पडद्यांबद्दल असं कुणी कधी म्हटलं नाही. तक्रार यायची ती नेमकी बेज, करड्या, सायीच्या रंगाच्या कापडांची. लोक हे रंग ‘सेफ’ म्हणून घेतात आणि तेच सगळ्यात जास्त दगा देतात!

याच्या मागे लागल्यावर कळलं की ही तक्रार फार जुनी आहे. मिशेल यूजीन शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकाम कारखान्यात रंगाई खात्याचे प्रमुख होते. तिथला काळा धागा फिका पडतो, अशी ओरड होती. त्यांनी तपासून पाहिलं तर धाग्याच्या रंगाईत दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे डोळ्याला तो काळा फिका वाटत होता. एक रंग शेजारच्या रंगाचं दिसणं बदलतो, हा नियम त्यांनी 1839 साली सविस्तर मांडला. वाचून आम्हाला हायसं वाटलं, आणि धंद्याचा रस्ताही तिथेच बदलला. कापड दुकानात बघून उपयोग नाही, ते ज्या खोलीत लागणार तिथेच बघायला हवं. आम्ही नमुन्यांची पिशवी घेऊन घरोघरी जायला लागलो.

घरात गेलं की पडदा एकटा दिसत नाही. भिंत दिसते, चादर दिसते, कपाटाचं लॅमिनेट दिसतं, फरशी दिसते. प्रत्येक फिक्या रंगात कुठली तरी झाक असते: पिवळट, गुलाबी, हिरवट, निळसर. गडद रंगात ती झाकून जाते, फिक्यात उघडी पडते. ती ओळखायची आमची युक्ती अगदी बिनखर्ची आहे. साधा पांढरा कागद शेजारी धरायचा. एकटा असताना निव्वळ ‘ऑफ-व्हाइट’ वाटणारा नमुना कागदाशेजारी आला की सरळ पिवळा किंवा गुलाबी दिसायला लागतो. खोलीतल्या मोठ्या तीन-चार गोष्टींची झाक एकाच जातीची असली की खोली जमते. पिवळट फरशीवर निळसर राखाडी भिंत आली, की दोन्ही चांगल्या असूनही भिंत कळकट आणि फरशी जुनाट दिसते. मग माणसं फरशी बदलायचा विचार करतात, जिथे भिंतीचा एक डबा बदलून भागलं असतं.

भिंतीचं काम आम्ही मागाहून घेतलं. एक पेंटरदादा आमच्याशी जोडले गेले, ते आजही आहेत. त्यांची शिस्त अशी: नमुना कधीच थेट भिंतीवर मारायचा नाही, कारण जुन्या भिंतीचा रंग आजूबाजूला असतो आणि तो डोळ्याला फसवतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्यायचे, कडेनं पांढरी पट्टी सोडायची, आणि तो पुठ्ठा सकाळी खिडकीजवळ, दुपारी कोपऱ्यात, रात्री पलंगामागे ठेवून बघायचा. रंगाच्या कार्डावर एल.आर.व्ही. नावाचा आकडा असेल तर तोही बघतात. शून्य म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा आणि 100 म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. बेडरूमला आम्ही साधारण 60 ते 70च्या दरम्यान राहतो. त्याच्या वर गेलं की दिवसा डोळ्यावर येतं, फार खाली गेलं की लहान खोली अंधारते. रंग मॅटच. चकाकी असलेला रंग पुट्टीची प्रत्येक उंचसखल जागा दाखवतो, आणि ती लपवायला पुन्हा पुट्टीचा खर्च. एकाच रंगाचे दोन-तीन डबे लागणार असतील तर दादा ते आधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळतात. डब्याडब्यात किंचित फरक असू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर उमटतो. पडद्याच्या कापडालाही आम्ही तोच नियम लावला: सगळं एकाच ताग्यातलं.

माझ्या मते कमी पैशात सगळ्यात मोठा फरक पडतो तो बल्बनं, आणि लोक नेमका तोच शेवटी घेतात. बल्बवरचा केल्व्हिनचा आकडा त्याच्या उजेडाची छटा सांगतो. 6500 केल्व्हिनच्या निळसर पांढऱ्या उजेडात उबदार बेज भिंत राखी आणि आजारी दिसते. बेडरूमला आम्ही 2700 ते 3000 केल्व्हिनचे, पिवळसर उजेडाचे बल्ब लावतो आणि सी.आर.आय. (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 90 किंवा त्याहून जास्त असलेले मिळाले तर तेच घेतो, कारण त्यात कापडाचा रंग खरा दिसतो. छताच्या मधोमध एकच दिवा ठेवण्यापेक्षा पलंगाच्या दोन बाजूंना दोन साधे दिवे. काही घरी आम्ही फक्त बल्ब बदलले आणि घरच्यांनी रंगकाम रद्द केलं. पेंटरदादा त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलत नाहीत.

आमच्या कामाचा नमुना म्हणून एक खोली सांगते. दोघं नवरा-बायको, हात आखडता, भिंती थंड पांढऱ्या, पलंग आणि कपाट गडद तपकिरी चकचकीत लॅमिनेटचं. कपाट बदलायचं असं ठरवूनच त्यांनी बोलावलं होतं. आम्ही कपाट ठेवलं आणि भिंती फिक्या बेज केल्या. दादांनी पॉलिश पेपरनं त्याची चकाकी मारली, धूळ ओल्या फडक्यानं पुसली, लॅमिनेटवर पकड धरणारा प्राइमर लावला, पूर्ण वाळू दिला आणि मग भिंतीपेक्षा एक छटा गडद, मातकट बेज रंगाचे दोन पातळ हात. हँडल काळी मॅट. पलंग मुद्दाम तसाच गडद ठेवला. सगळंच फिकं केलं की नजर कुठे टेकत नाही, खोलीत थोडा तरी गडद रंग लागतो.

पडदे शिवले ते साध्या, जाड विणीच्या सुती कापडाचे. इथे जाऊबाईंचं ऐकावं लागतं. भारी कापड कमी घेण्यापेक्षा स्वस्त कापड भरपूर घ्या, असं त्या सांगतात. दांडीच्या रुंदीच्या अडीच पट कापड घेतलं की चुण्या भरदार पडतात आणि कापड हलकं आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दीड पटीत भारी लिननसुद्धा चादर टांगल्यासारखं दिसतं. कापायच्या आधी सुती कापड एकदा धुऊन घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटून पडदा आखूड होतो. मागे पांढरं अस्तर. ते नसेल तर बेज पडद्यातून गाळून येणारं ऊन सगळी खोली पिवळी करतं, आणि सगळी मेहनत वाया. दांडी खिडकीच्या चौकटीवर न लावता छताच्या जवळ, आणि दोन्ही बाजूंना सात-आठ इंच जास्त, म्हणजे पडदे उघडल्यावर भिंतीवर जातात आणि खिडकी मोठी भासते. पडद्याचं टोक फरशीपासून जेमतेम अर्धा इंच वर.

रंग शांत असले की पोत बोलतो. गुळगुळीत चादर, गुळगुळीत भिंत, गुळगुळीत पडदा, आणि सगळं बेज, अशी खोली हॉटेलची वाटते. त्या खोलीत आम्ही खरबरीत विणीची सतरंजी पलंगाखाली दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट बाहेर येईल अशी टाकली, पायथ्याशी जाड विणीची लोकरी शाल आणि वेताची एक टोपली ठेवली. उशीचे अभ्रे एकाच रंगाचे, पण दोन वेगळ्या विणींचे. बस.

फॅशनचे तडाखे आम्हीही बघितले. गेल्या दशकात ज्याला त्याला राखाडी हवं होतं, आता त्याच भिंती उबदार करून मागतात. पॅन्टोन या रंगांच्या कंपनीनं 2025 सालचा रंग म्हणून ‘मोका मूस’ हा कोमट तपकिरी रंग जाहीर केला तेव्हा फोनवर त्याचीच चौकशी. रंग छानच आहे. पण खोलीची फरशी निळसर असेल तर मी तो उशीच्या अभ्र्यापुरता सुचवते, भिंतीला नाही.

धंदा म्हणून एक गोष्ट आम्ही लवकर ठरवली. दुकानांकडून कमिशन घ्यायचं नाही, आमची फी सरळ गिऱ्हाइकाकडून. कमिशन असलं की कपाट बदला असं सांगायला जीभ वळायला लागते. आमच्या अंदाजपत्रकाचा पहिला भाग म्हणजे काय विकत घ्यायचं नाही, याची यादी. काहींना ते विचित्र वाटतं. एक-दोघांनी तर तेवढीच यादी घेतली आणि काम स्वतः केलं. त्यालाही हरकत नाही, त्यांच्याच ओळखीतून पुढची कामं आली.

सध्या आमच्याकडे भाड्याच्या घरांची कामं वाढली आहेत. तिथे भिंत रंगवता येत नाही, खिळा ठोकता येत नाही. मग खिळ्याशिवाय चौकटीत ताणून बसणारी पडद्याची दांडी, पलंगामागे उभं ठेवायचं कापडी हेडबोर्ड, सतरंजी आणि दिवे यांवर काम भागवतो. घर बदललं की हे सगळं सोबत नेता येतं. शिलाई अजून जाऊबाईच करतात, मदतीला दोघीजणी आल्या आहेत. तुम्हाला बोलवायचं असेल तर खोलीचे फोटो दिवसा, दिवे बंद ठेवून काढा, आणि सध्याच्या बल्बवर किती केल्व्हिन लिहिलंय ते बघून ठेवा. बाकीचं आल्यावर बोलू.