निळी फाइल

रात्रीचे पावणेबारा. हे केव्हाच झोपलेत. लग्नाला आठ दिवस राहिलेत.

आज लेक कागदपत्रं न्यायला आला होता, सोबत तीही. निळी फाइल बाहेर काढली. अठ्ठावीस वर्षं सांभाळलेली. जन्माचा दाखला, गुणपत्रिका आणि अगदी तळाशी लशींचं कार्ड. लशींच्या तारखांशेजारी माझ्या बारीक अक्षरातल्या नोंदी: ‘रात्रभर ताप’, ‘मांडी सुजली’, ‘झोपला एकदाचा’. एका ठिकाणी नुसतंच ‘टाळू अजून मऊ’. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची भरायला मात्र दीड वर्ष, कधी दोनही लागतात. तोवर न्हाऊ घालताना माझा तळवा तिथे जपूनच टेकायचा. कातडीखाली नाडी उडताना दिसायची. इतकं उघडं, इतकं नाजूक काही मी त्याआधी कधी हातात धरलं नव्हतं.

तो आत फोनवर बोलत होता तेव्हा तिला म्हटलं, “पेनिसिलिन त्याला चालत नाही हं. सहा वर्षांचा होता, अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते.”

“हो काकू, माहीत आहे मला.” आणि मग, मला ठाऊकच असणार अशा समजुतीनं म्हणाली, “काकांच्या ऑपरेशनच्या वेळी रोज रात्री जिन्यात बसून फोन करायचा मला. खूप रडायचा. मग तोंड धुऊन वर यायचा.”

मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत मी ह्यांच्या खाटेशी बसलेली असायचे. तो वर यायचा, औषधांच्या वेळा बघायचा, मला म्हणायचा, “तू जरा पड, मी आहे.” भेटेल त्याला मी सांगायचे, पोरगा किती खंबीर आहे. चेहरा ओला असायचा त्याचा. मला वाटायचं, जागरणामुळे पाणी मारून येतो.

संध्याकाळपासून हेच मनात घोळतंय. आधी लागलं ते खूप लागलं. मला का नाही सांगितलं? मत्सर वाटला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मग हळूहळू उमगलं, की सांगणार कसा? मी सगळा भार त्याच्यावर टाकून उभी होते. तो माझ्यापुढे ढासळला असता तर आम्ही दोघंही पडलो असतो. तेव्हा त्याला धरून ठेवणारं कुणीतरी होतं आणि ती मी नव्हते. मी समजत होते, ती आठ दिवसांनी आमच्यात येणार. ती तर तीन वर्षांपूर्वीच आली होती, एका जिन्यात, फोनच्या दुसऱ्या टोकाला.

मागे एकदा वाचलेलं आठवतंय. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथे राहतात. डायना बियांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९६ साली एका बाईच्या रक्तात अशा पेशी सापडल्या, मुलगा होऊन २७ वर्षं झाल्यानंतर. वाचलं तेव्हा सुखावले होते, माझा मुलगा माझ्यात आहे म्हणून. आज वाटतं, त्या जिन्यातल्या रडण्याबद्दल मात्र माझ्या रक्तानंही मला काही कळवलं नाही.

निघायच्या आधी तो विम्याचा अर्ज भरत बसला. ‘आणीबाणीत कोणाला कळवावे’ या रकान्याशी पेन थांबलं. “आई, तुझा नंबर जुनाच आहे ना?”

“तिचा लिही,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग तिचा लिहिला.

फाइल तो घेऊन गेला. लशींचं कार्ड मी काढून घेतलंय, उशाशी आहे.

उद्या तिला फोन करायचाय. त्या रात्री तो काय बोलायचा ते नाही विचारणार, ते त्या दोघांचं आहे. तिची परीक्षा चालू होती तेव्हा. एवढंच विचारेन, की त्या दिवसांत ती स्वतः झोपायची तरी कधी.