नवाची डावी रेघ

काट्याच्या मीटरचं एक बरं असतं, तो बिघडला की सहसा बिघडलेला दिसतो. काटा अडकतो, वाकतो, शून्यावर यायला कुरकुर करतो. डिजिटल मीटरचा डिस्प्ले पूर्ण गेला तर तिथेही प्रश्न नाही, आपण सरळ स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतो. पंचाईत होते ती तो थोडासाच गेला की. मग तो बोलत राहतो, तेही अगदी ठामपणे, दोन दशांश स्थळांपर्यंत.

याचं मूळ डिस्प्लेवरचा प्रत्येक अंक ज्यांतून बनतो त्या सात रेघांत आहे. तीन आडव्या, चार उभ्या. त्यांना ए ते जी अशी नावं. एवढ्यात शून्य ते नऊ बसवायचे, तेही अर्थात इंग्रजी वळणाचे. आपला मराठी ५ किंवा ७ या चौकटीत कोंबून पाहा, हात टेकाल. पण काटकसर इतकी की अंकाअंकांत जेमतेम एका रेघेचं अंतर उरलं. आठाची मधली रेघ गेली की शून्य. आठाचीच डावी खालची गेली की नऊ, उजवी वरची गेली की सहा. सहाची डावी खालची गेली की पाच, साताची टोपी उडाली की एक. रिक्षाच्या मीटरवर दहाच्या घरातल्या आठाची उजवी वरची रेघ मालवली की ८६ चे ६६ होतात, आणि रिक्षावाला व गिऱ्हाईक दोघंही खरं बोलत असताना भर चौकात जुंपते.

माझ्याकडच्या जुन्या मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट वगैरे मोजायच्या मीटरने, हाच खेळ माझ्याशी केला. जुन्या बाजारात घेतलेला आहे. पिवळट पडलेलं खोकं, फिरवायची भक्कम चकती, आणि आजच्या स्वस्त मीटरांत काळ्या इपॉक्सीच्या ठिपक्याखाली गाडलेली असते ती चिप इथे चक्क सॉकेटमध्ये, चाळीस पायांची, अंगावर नाव मिरवत: आयसीएल ७१०६. सत्तरच्या दशकातली ही चिप. मोजणं, आकडा करणं आणि तो काचेवर उमटवणं हे सगळं एकटीच करते. तर या मीटरने वेष्टनातून नुकतीच काढलेली नऊ व्होल्टची बॅटरी ३.४२ दाखवली. दुकानदाराला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले. मग मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या. ०.०० यायला हवं होतं. आलंही, पण पहिल्या शून्याचा डावा खांदा उडालेला. चोर सापडला. नवाची तीच रेघ गेली की तीन होतो. बॅटरी ९.४२ ची होती आणि मीटरने ती बरोबरच मोजली होती. फक्त सांगताना रेघ गिळली.

अशा वेळी डिस्प्लेच्या चौकटीवर अंगठ्याने हलकेच दाबून पाहावं. दाबल्यावर रेघ उगवली आणि सोडल्यावर मावळली तर आनंद मानावा, कारण काच शाबूत आहे. काचेच्या कडेवरच्या पारदर्शक, नजरेला जवळपास न दिसणाऱ्या वाहक पट्ट्या आणि खालच्या सर्किट बोर्डावरचे सोनेरी पट्टे यांच्यामध्ये सोल्डर नसतो. तिथे असते रबराची एक चिंचोळी पट्टी. तिला झेब्रा म्हणतात. कार्बन मिसळलेल्या रबराचा एक थर, साध्या रबराचा एक थर, पुन्हा कार्बनचा, असे कागदाहून पातळ थर ओळीने. काचेवरच्या एकेका पट्टीखाली असे कितीतरी काळे थर येतात, त्यामुळे ती नेमकी जुळवत बसावी लागत नाही. फक्त दाबून बसवायची. ज्याने कोणी ही युक्ती काढली त्याला माझा नमस्कार. वर्षानुवर्षांच्या धुळीने, बोटांच्या तेलकटपणाने आणि सैल झालेल्या चौकटीने तिचा एखादा स्पर्श सुटतो आणि आकड्याची एक रेघ जाते.

पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, अशी काच मागितली की उत्तर ठरलेलं: "साहेब, काच सुटी येत नाही. अख्खा मीटर घ्या ना, दोन-तीनशेत नवा देतो." त्यांचा हिशेब चुकीचा नाही. पण ज्याची चिप सॉकेटमधून काढता येते, त्याला भंगारात टाकायला हात धजावत नाही.

काम तसं तासाभराचं. काच काढण्याआधी तिच्या कोपऱ्यावर पेनने खूण करायची, नाहीतर ती उलटी बसते. झेब्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या फडक्याने पुसायची, घासायची नाही. बोर्डावरचे पट्टे खोडरबरने उजळले तरी चालतात. काचेची कड मात्र नाही, तिथला वाहक थर फार नाजूक. आणि घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर दूरच ठेवायचं. त्यातलं ॲसिटोन काचेवरची पोलरायझरची, म्हणजे प्रकाश गाळणारी, फिल्म खाऊन टाकतं, आणि मग दुकानदारच खरा ठरतो. शेवटी चौकटीखाली जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची एक पट्टी सारली, म्हणजे रबरावर दाब नीट बसतो. पत्रिकांचा इतका चिरकाल टिकणारा उपयोग मला दुसरा माहीत नाही.

मग सगळ्यात आवडीचा भाग. या चिपच्या सदतिसाव्या पायाला बॅटरीची धन बाजू क्षणभर टेकवायची. सगळ्या रेघा एकदम पेटतात आणि काचेवर येतं १८८८. या मीटरचा डावीकडचा अंक फक्त एक होऊ शकतो, उरलेले तीन पूर्ण. म्हणून सगळ्या रेघांचा आकडा हाच. योगायोग असा की या काचेत जे भरलेले असतात त्या द्रवस्फटिकांची (लिक्विड क्रिस्टल) पहिली नोंदही १८८८ ची. प्रागमध्ये फ्रीडरिश रायनित्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलचं एक संयुग तापवत होता. ते १४५.५ अंशांना वितळलं, पण गढूळच राहिलं, १७८.५ ला आणखी एकदा वितळल्यासारखं होऊन निवळलं. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे, म्हणून बिचारा चक्रावला. त्या गढूळ अवस्थेचा आकडे दाखवण्यासाठी आजच्यासारखा उपयोग व्हायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. त्याला कोणी त्याच्या शोधाचं साल त्याच पदार्थाच्या भाईबंदांनी काचेवर लिहून दाखवलं असतं, तर काय म्हणाला असता कोण जाणे.

हा आकडा कितीही साजरा दिसला तरी तो डोळे भरून बघायचा नाही. एरवी चिप रेघांना सतत उलटसुलट वीज देते. या चाचणीत ती एकाच दिशेने मिळते, आणि काही मिनिटं तशीच राहिली तर काच कायमची खराब होते. १८८८ वाचायचं, सगळ्या रेघा मोजायच्या, हात काढायचा.

माझ्या मीटरवर आता सगळ्या रेघा येतात. बॅटरीने ९.४२ दाखवले, शून्याला दोन्ही खांदे आहेत. दशांशचिन्ह मात्र अधूनमधून गुल होतं. ते या चिपच्या हातात नसतंच. रेंजची चकती फिरवली की तिकडून येतं, म्हणजे आता चकतीच्या आतले पत्रे साफ करावे लागणार. त्यासाठी अख्खा बोर्ड बाहेर काढायला हवा, सुट्टे स्प्रिंग आणि दोन बारीक गोळ्या टेबलाखाली गडगडणार हे ठरलेलं. दिवाळीनंतर बघू. तोवर ९४२ व्होल्टची बॅटरी चालवून घेतो. निदान यावर कोणी फसत तरी नाही.