महिनाभर कॅल्शियम पाजलेली गाय

जनावरांच्या पोषणावर संशोधन म्हणजे एरवी चारा वाळवायचा, दळायचा आणि रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या. फलटण तालुक्यातल्या त्या गोठ्यातही मी चाऱ्याचे नमुने घ्यायलाच गेले होते. आत शिरले तर तिसऱ्या वेताची होल्स्टीन संकर गाय मान कुशीत वळवून बसलेली. आदल्या संध्याकाळी व्यालेली. कान हाताला गार लागत होते, नाकपुडी कोरडी ठणठणीत. रात्रीपासून शेणही टाकलं नव्हतं.

"मॅडम, महिनाभर रोज कॅल्शियम पाजलंय हो हिला," काकू रडवेल्या झाल्या होत्या. "लसूणघास पण आधी हिलाच. मग हीच कशी बसली?"

गावातले पशुवैद्यक तेवढ्यात आले. मी रक्ताचा नमुना घेतला आणि त्यांनी मानेच्या शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट सुरू केलं. थेंब अगदी सावकाश सोडायचे, कारण घाई केली तर हृदयच बंद पडू शकतं. स्टेथोस्कोप लावून ते ठोके ऐकत राहिले. अर्धीअधिक बाटली गेली तशी मांड्यांची कातडी थरथरायला लागली. मग ढेकर आली, नाकावर दव धरलं, शेण पडलं. थोड्या वेळाने मागचे पाय सावरत ती उभी राहिली. कितीही वेळा पाहिलं तरी मला याचं नवल वाटतं.

निरोगी गायीच्या १०० मिलीलिटर रक्तद्रवात साधारण ८.५ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. हिच्या नमुन्यात ते पाचाच्याही खाली होतं. व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम असं घसरून गाय बसते, त्या आजाराला दुग्धज्वर म्हणतात.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. गायीच्या सगळ्या रक्तात मिळून कॅल्शियम जेमतेम ३ ग्रॅम. एक लिटर चिकातून जवळपास २ ग्रॅम जातं. म्हणजे दहा लिटर चीक निघाला की रक्तात आहे त्याच्या कितीतरी पट कॅल्शियम बाहेर. ही तूट हाडांतून आणि आतड्यांतून भरून निघते. त्याचा हुकूम सोडते गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी, आपल्या संप्रेरकातून. पण भाकड काळात, म्हणजे व्यायच्या आधी दूध बंद असतं तेव्हा, गव्हाणीतूनच भरपूर कॅल्शियम मिळत असेल, तर ही ग्रंथी सुस्तावते आणि ऐन व्यायच्या वेळी यंत्रणा चालू व्हायला उशीर होतो. त्यात लसूणघासात पोटॅशियम भरपूर. त्याने रक्त अल्कधर्मी होतं आणि हाडं, मूत्रपिंडं त्या संप्रेरकाला नीट दाद देत नाहीत.

व्यायच्या आधी कॅल्शियम कमी ठेवलं तर हा आजार टळतो, हे कॅलिफोर्नियातल्या बोडा आणि कोल या संशोधकांनी १९५४ मध्येच दाखवलं होतं. इतकी जुनी गोष्ट, आणि जीव लावून गाय सांभाळणाऱ्या बाईपर्यंत ती पोचलेली नाही, याचा मला त्या दिवशी फार राग आला. काकूंची माया कुठेच कमी पडली नव्हती. त्यांना वेळेवर कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

शेजारच्या दावणीला दुसरी गाय पंधरवड्यात व्यायची होती. तिच्यापुढचा लसूणघास आम्ही उचलून दुभत्या गायींना टाकला. तिला कडबा कुट्टी, मक्याचा मुरघास आणि बेताचा खुराक ठरवून दिला. काकूंनी कॅल्शियमचा कॅन उचलला आणि विचारलं, "मग हे हिला द्यायचंच नाही का?"

"द्यायचं ना. व्याली की लगेच द्या. तोवर दूध देणाऱ्यांना पाजा."

त्यांनी मुलाला हाक मारून हे सगळं त्याच्या मोबाइलमध्ये लिहून घ्यायला लावलं.