पेन्सिलीची फुली

स्विंडन, गुरुवार, ४ मे २०२३

हॉस्पिटलमधली रात्रपाळी सुटल्यावर झोपायला न जाता आधी मतदान उरकायचं ठरवलं होतं. शेजारच्या आंटी कोपऱ्यावर वाट बघत होत्या. "बाय, पासपोर्ट घेतलो मगो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आजवर इथे नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका मिळायची. यंदाच्या नगर परिषद निवडणुकीपासून इंग्लंडभर फोटो असलेलं ओळखपत्र लागणार आहे.

आंटी मडगावच्या. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. त्या आधारावर हजारो गोंयकार या गावात आले. मँचेस्टर रोडवरून चालताना कोंकणी सहज कानावर पडते.

टेबलापाशी आंटींनी लाल पोर्तुगीज पासपोर्ट पुढे केला, मी आपला निळा, सिंहमुद्रेचा. बाईंनी दोन्ही चेहरे ताडून पाहिले आणि दोन मतपत्रिका फाडून दिल्या. भारतीय पासपोर्ट इथे मतदानाला चालतो, कारण राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल तर त्याला नगर परिषदेपासून संसदेपर्यंत मत देता येतं. आंटींना मात्र फक्त स्थानिक. पहिली दोन वर्षं मला हे माहीतच नव्हतं, आणि ती दोन मतं वाया गेल्याची रुखरुख अजून आहे. आता नवी मराठी मुलगी वॉर्डात रुजू झाली की मी घरभाडं आणि बसच्याही आधी हे सांगते: मतदारयादीत नाव घाल.

आमच्या पुढचे आजोबा हात हलवत आले होते. त्यांना परत पाठवलं. ज्येष्ठांचा बसचा पास चालतो म्हणे, पण तरुणांचं रेल्वेचं सवलतकार्ड चालत नाही. हा भेद मला अजिबात पटलेला नाही. आजोबा पास घेऊन परत आले का, ते बघायला मी थांबायला हवं होतं.

आत फळीला दोरीनं बांधलेली पेन्सिल. तिनं फुली मारायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. शाई नाही. बाहेर पडताना उगाचच डाव्या तर्जनीकडे लक्ष गेलं.

लोक म्हणतात, कौन्सिल म्हणजे खड्डे आणि कचऱ्याचे डबे. मी रोज वेगळंच बघते. आजी बऱ्या झालेल्या असतात, तरी पलंगावरच असतात, कारण घरी उठवायला-बसवायला कुणी येणार हे ठरलेलं नसतं. ती सोय बघणं हे इथल्या कौन्सिलांचं काम. त्यांचा सगळ्यात मोठा खर्च अशा वृद्धांवर आणि आधार लागणाऱ्या मुलांवर होतो. आणि तरी या निवडणुकांना तिघांतले दोघे फिरकत नाहीत. मला याचा राग येतो, खरंच येतो.

घरी येऊन बाबांना फोन केला. पुण्यात दुपार झाली होती. मत दिल्याचं सांगितलं तर त्यांनी सगळं खोदून विचारलं. उमेदवार घरी आला होता का? आला होता, पावसात, एकटाच, हातात पत्रकं घेऊन. भोंगा? नाही. मग ते जरा वेळ बोलले नाहीत. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक आहेत. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात, निवडणुकीचा पत्ता नाही. "काही सांगायचं तर आता कुणाच्या दारात जायचं गं?" बाबा म्हणाले. मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सातला रांगेत उभा राहणारा माणूस हा. मी परक्या गावात नगरसेवकासाठी मत देऊन आले आणि त्यांना त्यांच्या गावात निवडता येत नाही. फोन ठेवल्यावर झोप लागलीच नाही.

शुक्रवार, ५ मे

निकाल लागला. मजूर पक्षानं हुजूर पक्षाकडून परिषद घेतली, वीस वर्षांनी. मजूर पक्षाचे नेते किअर स्टार्मर यांनी ३० मार्चला देशभरच्या प्रचाराची सुरुवात इथूनच केली होती, म्हणून आज टीव्हीवर स्विंडनचं नाव सारखं येत होतं. उद्या राजा चार्ल्सचा राज्याभिषेक. गल्लीत पताका लागल्या आहेत, त्यांतल्या दोन आंटींनी स्वतः शिवल्या.

संध्याकाळी बाबांना कळवलं. पक्षाचं त्यांना फारसं काही नव्हतं. "तुमच्या वॉर्डाचा कोण आला?" मी नाव सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं, दोनदा. मागे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आता फोन नंबर सांग."