तुम्ही विचारलंत म्हणून: या ट्रकचं किट कुठं मिळालं?

घरी आलेलं माणूस काचेच्या कपाटापाशी थांबलं की पुढचा प्रश्न मला पाठ आहे. "ताई, या ट्रकचं किट कुठं मिळालं?" किट नाही, हातानं केलाय, असं सांगितलं की लगेच दुसरा, "पण तयार किटं, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांची खोकी, मिळतात ना? मग दोन वर्षं कशाला घालवायची?" उभ्या उभ्या याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून आज बसून लिहितेय.

कपाटात आहे ती चपट्या तोंडाच्या जुन्या लेलँड कॉमेट ट्रकची छोटी प्रतिकृती. पुढं नाक नाही. ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वरच बसतो आणि इंजिन त्याच्या नि क्लीनरच्या मधोमध, पेटीखाली. मद्रासला १९४८ साली अशोक मोटर्स निघाली, पुढं विलायतेची लेलँड भागीदार झाली आणि १९५५ मध्ये कंपनीचं नाव अशोक लेलँड झालं. कॉमेट हे नावही विलायतेतूनच आलेलं. पण माझ्या कपाटातली गाडी पुरती इंदूरची आहे, आणि किटाचा प्रश्न तिथंच येऊन अडतो.

अमेरिकेतल्या बिननाकाच्या ट्रकांची किटं मिळतात, चांगलीही असतात. तिथं पूर्वी गाडीच्या एकूण लांबीवर बंधन होतं, त्यामुळं नाक काढलं की तेवढी जागा मालाला मिळायची. १९८२ च्या कायद्यानं मोठ्या महामार्गांवरचं ते बंधन उठलं आणि लांब नाकाचे ट्रक परत आले. पण त्या गाड्यांची केबिन कारखान्यातूनच एका साच्यातली यायची. एका गाडीची मापं घेतली की हजारोंची झाली. आपल्याकडे कंपनी विकायची ती चेसी: सांगाडा, इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि फार तर तोंडाचा पत्रा. बाकी केबिन आणि हौदा गावोगावचे मिस्त्री बांधायचे. इंदूरची केबिन वेगळी, पंजाबातली वेगळी, आणि एकाच यार्डातल्या दोन गाड्यासुद्धा तंतोतंत सारख्या नसायच्या. किट कुणाचं काढणार?

या चेस्या मी लहानपणी पाहिल्यात. धुळ्याला आजोळी जाताना एस.टी. खलघाटाला नर्मदेचा पूल ओलांडून सेंधव्याकडं निघाली की समोरून असा एखादा सांगाडा यायचा. ना छप्पर, ना दार. लाकडी खोक्यावर बसलेला ड्रायव्हर, डोळ्यांना गॉगल, तोंडाला गमछा. कुठून कुठून तो तसाच उन्हावाऱ्यात चालवत आलेला असायचा. याला घर कोण देणार, असं माझ्या मनात यायचं. ते घर कसं देतात हे कळायला मला चाळिशी उजाडली.

इंदूरजवळच्या पिथमपूरच्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग सेक्शनला होते, त्यामुळं मापं घेणं हे माझं रोजचंच काम. देवास नाक्यापलीकडं एका यार्डात एक मोडकळीला आलेला कॉमेट उभा होता. मालकांची परवानगी काढून चार रविवार टेप घेऊन त्याच्या भोवती फिरले. टायर ९.००-२० चा, म्हणजे उभा ४० इंचांच्या आसपास. माझ्या मापात तो ४२ मि.मी. होतो. प्रमाण एकास चोवीस घेतलं त्याला कारण आहे. त्यात एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच. या गाड्या ज्यांनी बांधल्या ते मिस्त्री फूट-इंचातच बोलतात. "आठ फूट चौडी," म्हणाले की मी कागदावर चार इंच मांडायचे, गणित करावंच लागत नसे.

पहिली केबिन मी प्लॅस्टिकच्या शीटची केली. एक मि.मी. जाडीचे तुकडे कापले, पातळ सॉल्व्हंटनं जोडले, वरून छप्पर बसवून चारी बाजूंनी बंद केली. आठवड्याभरात छप्पर मधोमध खचलं. सॉल्व्हंटची वाफ आतच कोंडली आणि तिनं प्लॅस्टिक मऊ केलं. बंद पेटीला न दिसेल अशा जागी भोक ठेवावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. पण खचण्याआधीही ती केबिन मला पटत नव्हती. मापं बरोबर, तरी गाडी खेळण्यातली वाटायची.

ती तशीच पिशवीत घालून यार्डातल्या मिस्त्रीबाबांकडं नेली. सत्तरी ओलांडलेली, आता काम मुलं बघतात. त्यांनी केबिन उलटी केली, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "बेटा, इसमें चौखट कहाँ है?" मग शेजारच्या भंगार केबिनीचा पत्रा त्यांनी पकडीनं थोडा उचकटून दाखवला. आत लाकूड. सागवानी खांब, आडव्या पट्ट्या, कोपऱ्याला खाच पाडून बसवलेले सांधे. पत्रा त्यावर नुसता ठोकलेला. केबिन सुतारानं उभी केलेली होती, पत्रेवाला नंतर आला होता.

त्या दिवशी घरी येऊन मी प्लॅस्टिक बाजूला ठेवलं. तीन-तीन मि.मी.च्या सागवानी पट्ट्या कापल्या आणि त्यांनी सांगितलेल्या क्रमानं चौकट उभी केली. आधी खालचा तळ, मग चार खांब, मग काचेखालची आडवी पट्टी, छप्पर सगळ्यात शेवटी. पत्रा म्हणून कोल्ड ड्रिंकचा डबा कापला. तो कडक असतो, वाकवला की चिरतो. म्हणून त्यावर साबणाची रेघ ओढायची आणि मंद आचेवर अलगद धरायचा. रेघ काळी पडली की लगेच खाली. थंड झाल्यावर पत्रा कागदासारखा वळतो. त्याची जाडी मि.मी.च्या दहाव्या भागाएवढी. चोवीसपट केली तर जवळजवळ अडीच मि.मी. भरते, खरा पत्रा मात्र मि.मी.च्या आसपास असतो. हे मला खटकतं, पण कड आत दुमडली की डोळ्याला कळत नाही.

हा पत्रा चौकटीवर दाबून बसवला आणि दोन पट्ट्यांमधला भाग आपोआप किंचित आत गेला. पट्टीवर उंच, मध्ये हलका खोल. यार्डातल्या गाडीच्या दाराला तिरप्या उन्हात जशी लाट दिसते तशीच. ती मी कोरली नव्हती, रंगवली नव्हती. आतलं लाकूड जिथं असायला हवं तिथं होतं, म्हणून ती आली. तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी दिवा एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला धरून कितीतरी वेळ ते दार बघत बसले होते.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ते दार आहे. ही गाडी मुळातच हातानं बांधलेली, तीही चौकटीपासून. तिची प्रतिकृती करायची तर दुसरा रस्ता मला दिसत नाही.

बाकीचं पटकन सांगते. टायर नायलॉनच्या दांड्यातून लेथवर एकच करून घेतला, त्याचा सिलिकॉनचा साचा काढला आणि उरलेले रेझिनमध्ये ओतले. पुढं दोन, मागं चार आणि एक स्टेपनी. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांसाठी अर्ध्या मि.मी.ची शीट उतरत्या लांबीच्या पट्ट्यांत कापून एकावर एक रचली. सगळ्यात छळलं ते तोंडानं. नाकवाल्या ट्रकमध्ये बघणाऱ्याचं लक्ष बॉनेटकडं जातं, पण चपट्या तोंडाला झाकायला काही नसतं. दोन काचांच्या मधली दांडी एक मि.मी. जाड झाली तर गाडी ओळखू येत नाही. ते तोंड मी तीनदा केलं.

इंजिनाच्या पेटीचं झाकण उचलता येतं, तेवढं मुद्दाम ठेवलंय. या लाकडी केबिनी पुढं कलायच्या नाहीत, काही बिघडलं की आतूनच झाकण काढून हात घालायचा. मे महिन्यात त्या पेटीशेजारी बसून सेंधव्याचा घाट चढणं काय असेल! १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला आपल्याकडे ए.सी. सक्तीचा झाला. ती बातमी मी मिस्त्रीबाबांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "अच्छा हुआ. बहुत जले हैं लोग." त्या झाकणावर मी गोधडीची चिंधी अंथरलीय, कारण त्या भंगार गाडीतही ती होती.

केबिन बांधणारे दारावर आपलं नाव-गाव रंगवायचे. माझ्या दारावर त्यासाठी बोटाच्या नखाएवढी जागा सोडलीय. मिस्त्रीबाबांना विचारलं, काय लिहू? त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या वहीत एकच शब्द काढून दिला, वळणदार, जुन्या पेंटरी हातानं: इंदौर. तो दारावर उतरवायला तीन शून्याचा, म्हणजे अगदी बारीक, ब्रश आणलाय. सध्या रोज जुन्या पत्र्यावर सराव करतेय, 'दौ'च्या मात्रा अजून नीट बसत नाहीत.