ऋतूंचे कारण शिकवताना

गणित आणि विज्ञान शिकवताना माझा सर्वाधिक वेळ जातो तो नवी माहिती देण्यात नव्हे, तर विद्यार्थ्याच्या मनात आधीच ठाण मांडून बसलेले स्पष्टीकरण त्याच्याकडून वदवून घेण्यात. उन्हाळा का होतो, असे विचारले की हमखास उत्तर येते, ‘तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ असते.’ हे उत्तर मी लगेच खोडून काढत नाही, कारण शेकोटीजवळ गेल्यावर अधिक ऊब लागते हा खरा अनुभव त्यामागे असतो. मी फळ्यावर फक्त दोन अंतरे लिहितो : जानेवारीच्या आरंभी उपसूर्य (सूर्याच्या सर्वांत जवळच्या) स्थितीत सुमारे १४.७ कोटी किलोमीटर आणि जुलैच्या आरंभी अपसूर्य (सर्वांत दूरच्या) स्थितीत सुमारे १५.२ कोटी किलोमीटर. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असताना उत्तर गोलार्धात हिवाळा असतो, हे लक्षात आले की मुले स्वतःच दुसरे कारण शोधू लागतात.

मग आलेख कागदावर विजेरीचा झोत आधी लंब पाडायचा, उजेडाच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. त्यानंतर अंतर तेवढेच ठेवून झोत कागदाशी ३० अंशांचा कोन करील असा धरायचा. उजेड तेवढाच, पण चौकोन जवळपास दुप्पट. पाठ केलेली साइन ३० अंशांची १/२ ही किंमत इथे डोळ्यांसमोर उभी राहते. विजेरीचा झोत पसरत जात असल्याने चौकोन नेमके दुप्पट भरत नाहीत, आणि ही तफावत मी मुद्दाम चर्चेला घेतो.

खरी कसोटी पुढे असते. सूर्य मानलेल्या दिव्याभोवती पृथ्वी मानलेला चेंडू फिरवताना अनेक मुले त्याचा आस प्रत्येक ठिकाणी दिव्याकडेच कलता ठेवतात. तो सुमारे २३.५ अंशांनी कललेला आस वर्षभर एकाच दिशेला रोखलेला राहतो आणि म्हणूनच किरणांचा कोन ऋतूनुसार बदलतो, हे चेंडू हातात धरून फेरी पूर्ण केल्याशिवाय उमगत नाही, असे माझे ठाम मत आहे.

संकल्पना समजली की नाही, हे मी व्याख्या विचारून ठरवत नाही. सकाळी आणि दुपारी सूर्याचे अंतर जवळपास तेच असताना दुपारचे ऊन कडक का, असा प्रश्न टाकतो. किरणांच्या कोनावरून उत्तर मांडणाऱ्यांना पुढचे उदाहरण देतो, आणि ‘आस कललेला असल्यामुळे’ एवढेच म्हणणाऱ्यांच्या हाती पुन्हा आलेख कागद आणि विजेरी देतो.