इरकल घेताना पदराचा सांधा बघा

इरकलचा काठ, चौकडा, रंग सगळं पॉवरलूमवर हुबेहूब निघतं. कोंडी, म्हणजे पदराचे धागे अंगाच्या धाग्यांना फासाने जोडायची पद्धत, तेवढी निघत नाही. म्हणून दुकानात साडी उलगडली की आधी पदर जिथे सुरू होतो तिथे बोट फिरवावं.

एरवी साडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच असतो. साडीच्या अंगाच्या हिरव्या ताण्यात पदरासाठी लाल बाणा, म्हणजे आडवा धागा, टाकला, तर लाल रंग मळकट, तपकिरी उतरतो. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलमध्ये, म्हणजे इरकलच्या मूळ गावी, पदराचा ताणाच वेगळा करतात. अंगाला सूत, पदराला रेशीम किंवा आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम. अंगाच्या ताण्याची टोकं फासासारखी ठेवून त्यात पदराच्या धाग्यांचे फास अडकवायचे, हीच कोंडी. ताणा लाल आणि बाणाही लाल, त्यामुळे टोपपदराचा, म्हणजे अशा जोडलेल्या पदराचा, लाल नितळ येतो. साडीच्या पन्ह्यात असे हजारो धागे असतात. एखादा फास सैल राहिला की सांध्याची रेघ नागमोडी होते, तुटला तर तिथेच बारीक भोक पडतं.

शिवाय कोंडीची साडी एकेकटीच जोडावी लागते. टोपपदर नको असेल तर सहा-आठ साड्यांचा ताणा एकदम लावता येतो. किमतीतला फरक बराचसा इथला आहे.

खरा सांधा म्हणजे आडवी, बोटाला किंचित जाड लागणारी रेघ. पदराच्या लालमध्ये अंगाच्या रंगाची झाक दिसली, तर कोंडी नाही. अंगच लाल असेल तर मात्र डोळ्यांवर विसंबू नका, बोटानेच बघा. ‘प्युअर सिल्क पदर’ म्हणून जादा पैसे सांगितले, तर दशीचा एक धागा जाळून बघावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते, आर्ट सिल्क रेयॉनचं असेल तर कागद जळल्याचा वास येतो.

पहिली धुणी गार पाण्यात, वेगळी. मीठ घातल्याने रंग पक्का होतो हा समज सोडा. लाल सुटणार असेल तर सुटतोच, म्हणून साडी भिजत ठेवू नका आणि ओल्या पदराची घडी साडीच्या अंगावर टाकू नका. सुती अंग आटतं, काठ तेवढा आटत नाही, मग काठाला चुण्या पडतात. थोडी ओल असतानाच काठ ताणून बेताच्या गरम इस्त्रीने बसवा. खळ फक्त अंगाला. आणि फॉल लावायचा तो साडी, फॉल दोन्ही एकदा पाण्यातून काढल्यावरच.